मुरलेला दगड

'मळी' हा शब्द आज उच्चारला की महाराष्ट्रातील बहुतेकांच्या डोळ्यांसमोर साखर कारखाना उभा राहतो. लोखंड गाळताना धातूच्या रसावर जी तरंगून येते, तीही मळीच. परंतु तिची ओळख धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकापुरती उरली आहे. त्यामानाने तिचे जुने नाव, 'लोहकीट', आपल्या परंपरेत अधिक मानाचे होते. आयुर्वेदात तिलाच मंडूर म्हणतात आणि रक्तक्षयावर मंडूरभस्म देतात. या मंडुराविषयी रसशास्त्रात एक विलक्षण नियम सांगितलेला आहे. शंभर वर्षे पडून राहिलेले कीट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे कनिष्ठ, आणि त्याहून कोवळे असेल तर ते विषासमान! म्हणजे वैद्याने भट्टीच्या दारातून निघालेले कीट घ्यायचे नाही. पूर्वी कधीतरी जिथे लोखंड गाळले गेले आणि आता जिथे गवत वाढले आहे, अशा जागेवरून ते वेचून आणायचे.

साहित्य आणि समीक्षेच्या या जागेत लोहकिटाचे आणि रस्त्यावरच्या खडीचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो रास्त आहे. पोलादाच्या मळीची खडी करून तिचे रस्ते बांधायचे आणि ते टिकवायचे, या खटाटोपाचा इतिहास वाचताना मला राहून राहून मंडुराचा हा नियम आठवत होता. वरवर पाहता तो तंत्रज्ञानाचा इतिहास आहे. खोलात गेल्यावर लक्षात येते, की तो एका नावाखाली दडलेल्या दोन पदार्थांचा आणि घाईची किंमत कोणी मोजायची या प्रश्नाचा इतिहास आहे. नाव आणि वस्तू यांच्यातील अंतर हा तर आपल्या अभ्यासाचाच विषय होय.

आरंभ रोमन ब्रिटनपासून करावा लागतो. इंग्लंडच्या आग्नेय भागातील वील्ड हा प्रदेश रोमन काळात लोखंडासाठी प्रसिद्ध होता. तेथील भट्ट्यांभोवती मळीचे ढीग साचत आणि रोमन रस्ते बांधणाऱ्यांनी तीच मळी रस्त्याच्या पृष्ठभागावर पसरली. आयव्हन मार्गरी या संशोधकाने १९३९ साली होल्टाय येथे लंडन-लुईस मार्गाचा एक तुकडा उत्खननाने उघडा केला. तेव्हा मळीचा थर गंजून एकजीव झालेला आणि जवळजवळ काँक्रीटसारखा घट्ट बनलेला आढळला. साम्राज्य लयाला गेले, तरी त्याने टाकून दिलेला कचरा सतराशे-अठराशे वर्षे जागचा हलला नव्हता. मळी टिकाऊ असते, असा निष्कर्ष यावरून कोणीही काढला असता. तो अर्धाच खरा होता, हे कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

आधुनिक खडीच्या रस्त्याचा जनक म्हणून जॉन लाउडन मॅकॅडमचे (१७५६–१८३६) नाव घेतात. १८१६ साली तो ब्रिस्टलच्या मार्गांचा सर्व्हेअर झाला. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे पावणेदोनशे ग्रॅमहून जड दगड वापरायचा नाही; सर्व दगड फोडून कोनेदार करायचे; त्यांत माती मिसळायची नाही; खालची जमीन कोरडी ठेवायची आणि बाकीचे काम चाकांवर सोडायचे, असे त्याचे साधे सूत्र होते. ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या वजनाने कोन कोनात अडकतात आणि खडी स्वतःच स्वतःला आवळून धरते. घोडागाडीच्या युगात हे सूत्र उत्तम चालले. विसाव्या शतकाच्या तोंडावर मोटारी आल्या आणि त्यांच्या वेगवान रबरी चाकांनी खडीमधली बारीक भुकटी ओढून काढायला सुरुवात केली. रस्ते धुळीने भरले आणि सुटूही लागले.

या टप्प्यावर एडगर पर्नेल हूली या नॉटिंगहॅमशायर परगण्याच्या सर्व्हेअरची कथा येते. १९०१ साली डर्बीशायरमधील डेनबी येथील लोखंडाच्या कारखान्याजवळून जाताना रस्त्याचा एक तुकडा त्याला चमत्कारिकरीत्या गुळगुळीत आणि धूळविरहित दिसला. चौकशी केल्यावर कळले, की डांबराचे एक पिंप गाडीवरून पडून फुटले होते आणि तो चिकटा झाकण्यासाठी कोणीतरी भट्टीची मळी त्यावर ओतली होती. शोधांच्या कथा नेहमीच अशा सुबक असतात, तेव्हा हिच्यातील नाट्य थोडे वजा करूनच ती वाचावी. मात्र १९०२ सालचे पेटंट हा दस्तऐवज आहे. गरम मळीत डांबर यंत्राने कालवून ते मिश्रण रस्त्यावर पसरायचे आणि दाबायचे, ही त्यातील पद्धत. मॅकॅडमचे नाव आणि डांबराचे इंग्रजी नाव यांच्या संकरातून 'टारमॅक' हा शब्द जन्मला. हूलीला व्यापार फारसा जमला नाही. १९०५ साली वुल्व्हरहॅम्प्टनचे खासदार आणि पोलादाचे कारखानदार सर आल्फ्रेड हिकमन यांनी ती कंपनी नव्याने उभी केली. कारखान्याभोवती वाढत चाललेल्या मळीच्या डोंगराचे करायचे काय, ही हिकमन यांची अडचण होती. एकाच्या अडचणीला दुसऱ्याची कल्पना भेटली.

ही मळी टिकली. पण ती का टिकली, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. त्यासाठी वाचकांनी थोडे रसायनशास्त्र सोसावे, ही विनंती.

रोमन काळच्या लहान भट्टीत लोखंड पूर्ण वितळत नसे आणि त्या प्रक्रियेत चुनाही घालत नसत. खनिजातील वाळूसारखा अंश आणि काही लोह यांचे मिळून एक काळे, जड, काचेसारखे संयुग होई. पाण्याशी भांडण करण्यासारखे त्यात काही नसे. फार तर ते गंजे, आणि गंज चढून एकमेकांना धरून बसे. विदर्भातील महापाषाणयुगीन लोकांच्या भट्ट्याही याच जातीच्या. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी आणि तिची मळी सापडली. सुमारे अडीच हजार वर्षांनंतरही ती मळी अभ्यासकांच्या हाती लागू शकली, याचे एक कारण तिच्या या स्थिर स्वभावात आहे.

पुढे झोतभट्टी आली. तिच्यात खनिजातील वाळू आणि माती वेगळी काढण्यासाठी चुनखडी घालतात. परंतु तेथे चुन्याचे प्रमाण आणि वितळण्यास मिळणारा अवधी असे असतात, की घातलेला चुना सिलिका आणि ॲल्युमिना यांच्याशी पुरता बांधला जातो. या मळीलाही स्वतःची दुखणी आहेत. चुन्याचे प्रमाण जास्त झाले तर तिच्यातील एक सिलिकेट थंड होताना आपली स्फटिकरचना बदलते आणि फुगून मळीची पूड होते. तिच्यातील गंधकामुळे पाणी पिवळे होते. तरीही नीट थंड केलेली झोतभट्टीची मळी एकूण भरवशाची. हूलीच्या टारमॅकची कीर्ती झाली ती या मळीवर.

घोटाळा सुरू झाला तो पोलादापासून. १८५६ साली हेन्री बेसेमरने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून झपाट्याने पोलाद करण्याची रीत जाहीर केली. पण युरोपातील बऱ्याच खनिजांत फॉस्फरस असे आणि त्याने पोलाद ठिसूळ होई. हे कोडे सोडवले सिडनी गिलख्रिस्ट टॉमस नावाच्या एका पोलीस कोर्टातील कारकुनाने. दिवसा कोर्टाच्या वह्या लिहायच्या आणि संध्याकाळी रसायनशास्त्राच्या वर्गाला बसायचे, असा त्याचा क्रम होता. वेल्समधील कारखान्यात रसायनज्ञ असलेल्या पर्सी गिलख्रिस्ट या चुलतभावाच्या साहाय्याने त्याने दाखवून दिले, की भट्टीला क्षारधर्मी अस्तर दिले आणि भरपूर चुना घातला तर फॉस्फरस मळीत उतरतो. १८७९ साली मिडल्सब्रो येथे या पद्धतीचे यशस्वी प्रात्यक्षिक झाले. अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १८८५ साली, टॉमस वारला. युरोपचे पोलाद त्याने बदलले होते, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना मळीचा स्वभावही बदलून ठेवला होता.

कारण आता मळीत चुना गरजेपेक्षा जास्त असे. त्यातला काही कोणाशीच बांधला न जाता तसाच, कच्चा राही. गंमत अशी, की फॉस्फरस आणि चुना यांनी भरलेली टॉमसची मळी दळून शेतात टाकली तर उत्तम खत ठरली आणि युरोपात ती पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली. पाण्याशी संयोग पावून विरघळण्याची जी वृत्ती शेतात गुण ठरते, तीच रस्त्यात दोष ठरते. पदार्थ तोच, जागा बदलली की त्याचा अर्थ बदलतो. पण नाव बदलले नाही. झोतभट्टीची तीही 'मळी' आणि पोलादाची हीही 'मळी'. पहिलीने कमावलेल्या विश्वासावर दुसरी रस्त्यांत आणि घरांच्या पायांत जाऊन बसली.

त्यात वेगाची भर पडली. जुन्या उघड्या चुल्याच्या भट्टीत पोलादाचा एक घाणा तयार व्हायला आठ-दहा तास लागत. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९५२ साली आणि डोनाविट्झ येथे १९५३ साली शुद्ध प्राणवायू फुंकण्याची जी पद्धत सुरू झाली, तिच्यात फुंकण्याचे काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. भारतात ही पद्धत प्रथम राउरकेला येथे आली. जुन्या मळीतही मोकळा चुना असेच. परंतु एवढ्या थोड्या वेळात सगळा चुना विरघळणे अवघड, त्यामुळे काही खडे मळीच्या पोटात तसेच राहतात. भट्टीत वाचवलेला वेळ अशा रीतीने मळीत साठून राहतो. तो कधीतरी, कुठेतरी वसूल होणार असतो.

तो कसा वसूल होतो, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नाही. जुना गवंडी ते सांगेल. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, फुगतो आणि त्याची फक्की होते. म्हणून चुना आधी विझवायचा, मग दिवसेंदिवस भिजत ठेवून मुरवायचा आणि मगच घाणीत मळायचा, अशी रीत होती. न विझलेला एखादा खडा गिलाव्यात गेला, तर काही महिन्यांनी भिंतीला फोड येतो. पोलादाच्या मळीच्या पोटातला मोकळा चुना म्हणजे असाच न विझलेला खडा. पाणी पोहोचल्यावर त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. मॅग्नेशियाचे दुपटीहून अधिक होते, आणि तो तर इतका आळशी, की वर्षानुवर्षे स्वस्थ राहून मग जागा होतो. बाहेरून पाहावे तर खडी काळी, कठीण, कोनेदार, डांबराला घट्ट धरणारी. अनेक नैसर्गिक दगडांहून सरस. तिचा दोष आजच्या कठीणपणात दिसत नाही, तो तिच्या उद्यात असतो.

हा उद्या अनेक ठिकाणी उगवला. क्रॉफर्ड आणि बर्न या कॅनडातील संशोधकांनी १९६९ साली एका इमारतीच्या हानीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीखाली भराव म्हणून घातलेल्या पोलादाच्या मळीने फुगून वरचे बांधकाम उचलले होते. त्याच देशातील ओंटारिओ प्रांतात पोलादाच्या मळीची खडी डांबरी थरांत वापरली जाई. पृष्ठभागावर नकाशासारख्या भेगा पडू लागल्यामुळे १९९१ साली तेथील वाहतूक खात्याने तो वापर थांबवला. अमेरिकेतील ओहायोमध्ये वेगळेच दिसले. मळीतून झिरपणाऱ्या पाण्याने चुना विरघळून बाहेर आणला, हवेतील कर्बद्विप्राणिल वायूशी त्याचा संयोग झाला आणि रस्त्याखालच्या निचऱ्याच्या नळांत पांढऱ्या दगडाची पुटे चढून ते बुजले.

उपाय शोधले गेले, आणि त्यांचा क्रम मोठा बोलका आहे. पहिला उपाय मंडुराचा: थांबणे. मळी फोडून, ढीग करून, त्यावर पाणी मारत महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवायची. फुगायचे ते तिने तिथेच फुगून घ्यावे. (मंडुराच्या बाबतीत कारण वेगळे असणार, कारण जुन्या भट्टीच्या किटात मोकळा चुना नसतो. साम्य रसायनाचे नाही, सावधगिरीचे आहे.) युरोपात याला मापाची जोड मिळाली: मोकळा चुना डांबरी थरासाठी चार टक्क्यांच्या आत आणि खालच्या सुट्या थरासाठी सात टक्क्यांच्या आत असावा, असा दंडक रूढ झाला. जपानमध्ये परीक्षेची रीत ठरली: दाबून भरलेला नमुना रोज सहा तास ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात, असे दहा दिवस ठेवायचा आणि किती फुगतो ते मोजायचे.

दुसरा उपाय वेळेला पर्याय देण्याचा. ढिगाखालून वाफ सोडली, तर वर्ष-दोन वर्षांचे मुरणे सुमारे आठवड्यात होते. बंद पात्रात दाबाखाली वाफ दिली तर काही तासांत. जपानी कारखान्यांनी हा मार्ग विकसित केला. मॅग्नेशियासारखा आळशी घटकही वाफेपुढे फार काळ टिकत नाही. तिसरा उपाय मुळावर घाव घालणारा. जर्मनीत मळी अजून रसरूप असतानाच तिच्यात वाळू आणि प्राणवायू फुंकण्याची पद्धत काढली गेली. प्राणवायूने उष्णता वाढते, वाळूतील सिलिका मोकळ्या चुन्याला बांधून घेते आणि मुरवण्याची गरजच फारशी उरत नाही. भट्टीत घाईने अर्धवट सोडलेले काम भट्टीच्या दाराशी पुरे करण्याची ही रीत म्हणता येईल.

या तिन्ही उपायांना खर्च आहे. थांबायला जागा लागते, वाफेला इंधन लागते, वाळू आणि प्राणवायू यांना पैसे पडतात. यांपैकी काहीच केले नाही तर खर्च वाचतो का? वाचत नाही, तो हात बदलतो. कारखान्याच्या आवारात जो वेळ खर्ची पडला नाही, तो रस्त्यावर पडतो, आणि तेथे त्याची किंमत मोजणारा कारखानदार नसतो. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन एस.टी.त चढलेली बाई असते, दुचाकीवरून रात्रपाळीला निघालेला कामगार असतो. मळीच्या टिकाऊपणाचा प्रश्न मला अखेर या ठिकाणी येऊन महत्त्वाचा वाटतो.

आपल्या देशात हा प्रश्न दूरचा नाही. एक टन पोलादामागे साधारण १८० ते २०० किलो पोलाद-मळी निघते आणि देशातील उत्पादन दरसाल कोट्यवधी टनांत आहे. जमशेदपूर येथे टाटा स्टीलने मळीला वाफ देऊन मुरवण्याची व्यवस्था उभारली. जून २०२२ मध्ये सुरतजवळच्या हजीरा येथे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सुमारे एक किलोमीटरच्या सहापदरी रस्त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या सर्व थरांत प्रक्रिया केलेली मळी, सुमारे एक लाख टन, वापरली गेली. आणि जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर, पनवेल-इंदापूर भागात, अशाच एका किलोमीटरच्या चौपदरी तुकड्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील पोलाद कारखान्याची सुमारे ८० हजार टन मळी खडीच्या रूपात आली.

महाराष्ट्रातील वाचकाला या शेवटच्या वाक्यात दोन गोष्टी दिसाव्यात. पहिली आशेची. आपली खडी आजवर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून आली. क्रशरने अर्धे खाल्लेली टेकडी पाहिली नाही असा माणूस राज्यात विरळा. कारखान्यामागे निरुपयोगी पडलेल्या मळीमुळे एखादा डोंगर जरी वाचला, तरी ते लहान काम नव्हे.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. मळीतल्या चुन्याला हवे असते पाणी, आणि कोकणात ते किती पडते हे सांगायला नको. कॅनडातील बर्फ वितळून जेवढे पाणी खडीपर्यंत पोहोचते, त्याहून कितीतरी अधिक इथे एका आषाढात पोहोचेल. प्रक्रिया नीट झाली असेल तर भीतीचे कारण नाही. पण ती नीट झाली, हे प्रत्येक ढिगाच्या बाबतीत तपासले गेले पाहिजे. एका तुकड्यासाठी शास्त्रज्ञ देखरेखीला उभे राहतात. शंभराव्या ठेक्याच्या वेळी तिथे कोण उभे असेल? प्रयोगाची मळी आणि नंतरच्या पुरवठ्याची मळी यांना एकच नाव असेल, आणि एका नावाने एकदा किती फसवले आहे हे आपण वर पाहिले.

या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ चालले. कोणी उपरोधाने म्हणेल, की वाट पाहण्याची एवढी सवय असलेल्या रस्त्याला मुरलेल्या खडीची काय नवलाई! पण रेंगाळणे आणि मुरणे यांत फरक आहे. रेंगाळण्यात वेळ नुसता जातो; मुरण्यात वेळ पदार्थाला बदलतो. लोणचे, चुना, मंडूर आणि मळीची खडी यांना ही एकच क्रिया लागू पडते आणि मराठीला तिच्यासाठी एकच, अचूक क्रियापद पूर्वीपासून ठाऊक आहे. या क्रियापदाचा अर्थ निविदेच्या कलमांत, मोजता येईल अशा अंकांत उतरवणे एवढेच काम उरले आहे. ते झाले की नाही, याचा निकाल उद्घाटनाच्या फितीजवळ लागत नाही. दहा-बारा पावसाळे गेल्यावर त्या एका किलोमीटरवरून जाणाऱ्या एस.टी.तल्या प्रवाशाला तो लागलेला कळेल, किंवा त्याला काहीच जाणवणार नाही. काहीच न जाणवणे, हाच चांगल्या रस्त्याचा निकाल.